शाकारलेली मोटरसायकल

खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत छपराखाली प्रत्येक घराला एकाच गाडीपुरती जागा आहे. ती जागा वर्षानुवर्षं माझ्या जुन्या मोटरसायकलनं अडवली होती. पावसाळ्यात मी ती चालवत नाही, झाकून ठेवतो. चिखलाखड्ड्यांतले तिचे हाल मला बघवत नाहीत. म्हणजे न हलणारी गाडी कोरडी, आणि बायको जिच्यावरून रोज कामाला जाते ती स्कूटर बाहेर, गच्चीच्या पाइपाखाली. ती सकाळी फडक्यानं सीट पुसायची, तरी ओल्या कपड्यांनीच निघायची. मी खिडकीतून बघायचो आणि पडदा ओढून घ्यायचो.

एवढं करून मोटरसायकल तरी धड राहावी? तेही नाही. दसऱ्याला तिला हार घालायचा, किक मारून मारून पोटरीत गोळा आला की रिक्षा करून स्टँडवर जायचं आणि एसटीनं उरणकडं, बायकोच्या माहेरी. तिथं मेहुणा दारातच उभा असायचा.

"आलं का दाजी? आनि गारी? देव्हाऱ्यात बसवली काय?"

गेल्या दसऱ्याला सगळे हसले, बायको हसली नाही. मला तेच जास्त लागलं. सासूबाईंसमोर बोलून गेलो, "पुढच्या दसऱ्याला सुरू झाली नाही तर विकून टाकतो. जागा स्कूटरला."

"आई, ऐकलंस ना?" बायको म्हणाली. "तू साक्षीदार."

मे महिन्यात मी बेत आखायला बसलो. बायको समोर पावसाळ्यासाठी सुके बोंबील डब्यात भरत होती.

"या वेळी दुप्पट जाड ताडपत्री आणतो," मी म्हणालो. "खालपर्यंत आवळून बांधतो. पाणी शिरताच कामा नये."

"पाणी शिरत नाही हो, आतली वाफ बाहेर पडत नाही. तुम्ही गाडी उकडता. मोदक आहे का तो?"

"मग काय उघडी ठेवू?"

"आमच्याकडं पावसाळ्यात होडी वर ओढली की बाबा ती शाकारायचे. खाली ओंडके, वर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर, बाजू मोकळ्या. आतून वारा खेळला पाहिजे. गच्च बांधतात ते मढ्याला."

शाकारणं मला ठाऊक होतं ते घराचं. होडीही शाकारतात, आणि ती पाण्यापेक्षा कोंडलेल्या ओलीपासून जपतात, हे तिच्या माहेरी इतक्या वेळा जेवूनही मी कधी विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बेत बदलला. ऑइल दसऱ्याला बदलायचो, ते आता आधीच बदललं. टाकी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे आत गंज धरायला मोकळी जागा नको. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवलं आणि कार्बोरेटर रिकामा केला. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडलं, हळूच किक फिरवली, प्लग पुन्हा बसवला. बॅटरी घरात आणली. एरवी पावसाळ्यात ती साथ देईल तोवर दर रविवारी ताडपत्री सोडून थोडा वेळ गाडी सुरू करून बंद करायचो, तेही सोडलं. तेवढ्यात सायलेन्सर तापत नाही, उलट आत ओल धरते, हे मी केव्हाच वाचलं होतं. तिचा आवाज ऐकण्याचा मोह मात्र सुटत नव्हता.

मग मेन स्टँडखाली जाड फळी घातली, आरसे काढले, गाडी सरळ उभी करून भिंतीलगत सरकवली, आणि वरून बायकोची जुनी सुती साडी सैल सोडली. मागे वळून बघितलं तर शेजारी जागा उरली होती. बाजूच्या स्टँडवर तिरकी पसरून ती इतकी वर्षं दोघींची जागा खात होती! बायकोची स्कूटर मी स्वतः ढकलत आत आणली. बसली. अगदी अंग चोरून, पण बसली. बायकोनं खाली येऊन बघितलं आणि स्कूटरची सीट उगाचच एकदा हातानं पुसली. कोरडीच होती.

तो पावसाळा मी खिडकीचा पडदा ओढला नाही.

दसऱ्याला साडी काढली. चाकाच्या तारांवर गंजाचा ठिपका नव्हता. बॅटरी जोडली, कॉक उघडला, हार घातला. पहिल्या किकला काहीच नाही. दुसऱ्या किकला नुसती खोकली. मी तिसरी मारायला पाय उचलला.

"अहो, चोक," बायको म्हणाली.

चोक ओढायचाच राहिला होता. ओढला, किक मारली, आणि गाडी अशी धडाडली की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी धूर बघून खिडकी लावून घेतली. मी हॉर्न वाजवला. कारण नसताना, पुन्हा वाजवला.

वाटेत उलव्याला बांधकामांच्या डंपरांची धूळ खात आम्ही पोचलो, नव्या शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. मेहुणा दारात होता. त्यानं आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बायको उतरली, पदर झटकला आणि माहेरच्या बोलीत म्हणाली, "शाकारली व्हती."

मेहुण्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात पुढे केला. "चावी द्या दाजी, बंदरापरयंत जाऊन येतो."

मी दिली नाही.