बर्फाच्या सिनेमाला नेलेली शाल

ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं आणि माझ्या धाकट्या जावेनं पिशवीत लोकरी शाल कोंबली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"ताई, बरफाचा शिनेमा आहे म्हणता ना तुमी? थंडी नाई वाजन का?"

माझी मुलगी खदाखदा हसली आणि काकूच्या गळ्यात पडली. मला हसू आलं नाही. पडद्यावरच्या बर्फानं थंडी वाजते, असं वाटणाऱ्या बाईचं कौतुक काय करायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

आम्ही तिघी आर्वीहून एसटीनं नागपूरला निघालो होतो. मुलीला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता आणि तिला होस्टेलवर सोडायचं होतं. होस्टेलच्या बाई तीनला भेटणार होत्या. त्याआधी भल्यामोठ्या घुमटाएवढ्या पडद्यावर उत्तर ध्रुवाकडच्या प्राण्यांचा माहितीपट बघायचा, हा बेत माझा होता आणि तो फक्त आम्हा मायलेकींसाठी होता. मी शाळेत भूगोल शिकवते. टुंड्रा प्रदेश मी फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की डोळे मिटून काढीन. होस्टेलवर जाण्याआधीचे दोन तास लेकीनं माझ्या विषयात, माझ्या शेजारी बसून काढावेत, एवढंच मला हवं होतं. ती म्हणाली, "काकू आली तर जास्त मजा येईल." संपलं.

खरं सांगायचं तर जावेवरून माझ्या पोटात फार आधीपासून दुखतं. ती कारंज्याकडची, गवळाऊ गाईंच्या घरातली. लग्नात तिच्यासोबत एक पांढरीशुभ्र कालवड आली, आता गोठ्यात सात आहेत. मी शाळेतून येईपर्यंत माझी मुलगी त्या गोठ्यात असायची. डॉक्टरकीला जायचं तिनं ठरवलं तेही आधी गोठ्याला कळलं, मला आठ दिवसांनी.

त्यात माझाच एक कायदा आड आला. मी हिंगणघाटच्या गिरणी कामगाराची मुलगी. डी.एड.ला असताना पाठ घेताना माझ्या तोंडून "मले" गेलं आणि अख्खा वर्ग फिसकन हसला. तेव्हापासून मी जीभ घासूनपुसून लख्ख केली आणि मुलीचीही केली. माझ्यासमोर "मले, तुले" म्हटलं की मी वाक्य पुन्हा म्हणायला लावायची. ती शहाणी. माझ्याशी "मला", गोठ्यात "मले". आणि मनातलं जे काही असायचं, ते सगळं "मले"मध्ये.

थिएटरात खुर्च्या मागे कललेल्या होत्या. मी मुलीला मधे बसवायला बघत होते, पण ती आधीच भिंतीकडे सरकली, तिच्याजवळ जाऊ आणि कडेला मी. अंधार झाला. एसी असा होता की पाचव्या मिनिटाला माझ्या दंडावर काटा आला. त्या दोघी एका शालीत गुरफटून बसल्या होत्या. मला कुणी विचारलं नाही, आणि मी मागणार नव्हते.

पांढरी अस्वलीण दोन पिलांना घेऊन बिळातून बाहेर आली. तिचं नाकच आमच्या घराएवढं होतं.

"पाह्य वं, कशी पांढरी!" जाऊ म्हणाली. "आपल्या गवळाऊसारखी."

"त्या केसांखाली कातडी काळी असते," मी वाकून मुलीला सांगितलं.

"आई, हळू बोल ना."

मग वॉलरस आले. जाऊ म्हणाली, "मिशा पाह्य, आपल्या मामंजीच्या!" मुलगी तोंड दाबून हसली. तिला कुणी हळू बोलायला सांगितलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सव्वीस वर्षांचा टुंड्रा एकीकडे आणि सासऱ्यांच्या मिशा एकीकडे, आणि मिशा जिंकत होत्या.

पुढे कॅमेरा विमानातून खाली झेपावला. हजारो रेनडिअर धावत होते आणि आमच्या खुर्च्याच त्यांच्यावर पडतायत असं वाटत होतं. जाऊ एकदम उठली. "ताई, मले गरगरून राह्यलं. बाहेर बसतो मी," असं माझ्या कानात म्हणून ती माझे गुडघे ओलांडून निघून गेली. शाल खुर्चीतच राहिली. मुलीची मान वर पडद्याकडे होती, तिला पत्ताही नव्हता.

काकू बाहेर गेली आहे, हे सांगायलाच मी मधल्या खुर्चीत सरकले. देवाशपथ, सांगायलाच. थंडी वाजत होती म्हणून शाल पांघरली. तिला गोठ्याचा वास होता, शेणाचा, दुधाचा, कडब्याचा.

पडद्यावर कळपानं नदी ओलांडली आणि त्या गर्दीत एका पिलाची आई हरवली. हजार माद्यांमधून ते आपली आई शोधत होतं. एकीनं त्याला हुंगून ढकललं, दुसरीनं ढकललं. तेवढ्यात शालीखाली माझ्या मुलीनं माझी बोटं घट्ट धरली.

तिनं माझा हात शेवटचा कधी धरला होता, ते मला आठवत नव्हतं. मी बोटं जराही हलू दिली नाहीत.

"काकू," ती पुटपुटली, "भेटन का वं त्याले त्याची माय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं की मी आहे. पण सांगितलं असतं तर हात सुटला असता. माझ्या तोंडून कितीतरी वर्षांत न निघालेलं बाहेर आलं, अगदी हलक्या आवाजात.

"भेटते वं. वास घेऊन राह्यली, पाह्य."

आणि खरंच, एका मादीनं पिलाला हुंगलं आणि ती उभी राहिली. पिल्लू तिच्या कासेला लागलं. मुलीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"काकू, मले लय भेव लागून राह्यलं होस्टेलचं. रात्री झोप नाई येत. आईले सांगू नको."

मी पडद्याकडे बघत राहिले. तिथं काय चाललं होतं, ते आता विचाराल तर सांगता येणार नाही.

"नाई सांगत," मी म्हटलं.

दिवे लागायच्या आत मी शाल तिथंच ठेवून बाहेर गेले. जाऊ बाकावर बसून पाणी पीत होती. मागून मुलगी शाल घेऊन आली आणि तिला बिलगली.

होस्टेलच्या फाटकाशी मुलगी माझ्या पाया पडली. "आई, मला अजिबात भीती वाटत नाहीये. तू काळजी करू नकोस." एकेक शब्द धुतल्या तांदळासारखा. मी वचन देऊन बसले होते. "मला माहीत आहे," म्हटलं. काकूच्या गळ्यात मात्र ती रडली.

परतीच्या बसमध्ये कोंढाळीपर्यंत मी जावेला सांगायचं की नाही, याच विचारात होते. तिला सांगायलाच हवं होतं, कारण मुलीच्या हिशेबी ते तिलाच माहीत होतं. पण पहिल्यांदाच माझ्याकडे मुलीचं असं काहीतरी होतं, जे जावेकडे नव्हतं. मी गप्प बसले. चांगलं केलं नाही, पण केलं.

तळेगाव यायच्या आधी जावेचा फोन वाजला. मुलीचाच होता. जाऊ "हं, हं" करत ऐकत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, मग मांडीवरच्या शालीकडे बघितलं. मी खिडकीबाहेर तोंड केलं. 

"नाई वं माय," ती फोनमध्ये म्हणाली. "नाई सांगतलं तुह्या आईले. मी काऊन सांगन? झोप नाई आली तं मले फोन करजो."

फोन ठेवून तिनं शालीची घडी केली. एसटी घाटात धडधडत होती. ती भांडेल, निदान टोमणा तरी मारेल, म्हणून मी वाट बघत होते.

"ताई," ती म्हणाली, "तुमाले आपल्यासारखं बोलता येते तं."

"येते," मी म्हटलं.

तिनं घडी केलेली शाल उचलून माझ्या मांडीवर ठेवली. तळेगावचा फाटा आला, तरी मी ती परत केली नव्हती.