मामांनी दाखवलेली राणी

त्या दिवशी सकाळी मामांनी आपली जीप नेमकी तिथंच नेऊन उभी केली जिथं खड्डा घ्यायचा होता. किल्ली काढली, खिशात टाकली, काचा वर केल्या आणि आत बसून राहिले. बाहेर पर्यटन ऑफिसची माणसं ड्रिल मशीन, सिमेंटची पोती आणि स्टीलची एक चकचकीत मोठी थाळी घेऊन उभी. त्या थाळीवर बाण कोरलेले, कुठला बाण कुठल्या शिखराकडं जातो ते नावासकट लिहिलेलं. ती घाटातल्या वळणावर कठड्याजवळ खांबावर बसवायची होती, म्हणजे येणाऱ्या लोकांना समोर कोणता डोंगर दिसतोय ते कळेल. आणि त्या माणसांचा साहेब कोण, तर मामांचा सख्खा जावई.

जावयानं काचेवर टकटक केली. मामांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

ताई, म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, त्याच वळणावर चहाची टपरी चालवते. आधी मामी चालवायची, ती गेल्यावर ताई. एकीकडं बाप, एकीकडं नवरा, मधे हिची किटली. ती चहा घेऊन गेली तेव्हा मामांनी काच खाली घेतली, पण कप आत येईल एवढीच.

"जावईबापूंना सांग, गाडी बंद पडलीये."

"बाबा, आत्ता तर चालवत आणलीत."

"मग आत्ताच पडली. गाडी काय विचारून बंद पडते?"

आणि काच वर.

भांडण कशाचं, तर डोंगराचं. घरोघरी जमिनीवरून भांडणं होतात, दागिन्यांवरून होतात, आमच्याकडं बर्फाच्या डोंगरावरून झालं. आमच्या गावात लोक येतात ते राणी बघायला. राणी म्हणजे सगळ्यात नावाजलेलं शिखर. उंच, टोकदार, नाकीडोळी नीटस, सकाळी उन्हात गुलाबी होणारं. लोक कुठून कुठून येतात, या वळणावर उभे राहतात, राणीकडं पाठ करून आपलाच फोटो काढतात आणि खूश होऊन जातात. अडचण एवढीच की वळणावरून जी दिसते ती राणी नाही. राणी डाव्या हाताच्या काळ्या कड्याच्या मागं आहे, इथून तिचं नखसुद्धा दिसत नाही. समोर दिसते ती जाडी. हे नाव जुन्या गुराख्यांनी ठेवलेलं, आणि बघितलं की पटतं. एखादी बाई आंघोळ करून टॉवेल गुंडाळून ऐसपैस बसावी तसा तो डोंगर आहे.

तिला राणी केलं मामांनी.

ताईचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता. जिथून राणी दिसते त्या वरच्या रस्त्यावर दरड कोसळली होती. मामांच्या जीपमध्ये एक मोठं कुटुंब, मागच्या सीटवर आजी, सगळे नव्या स्वेटरात कोंबलेले. राणी दिसली नाही तर एक पै देणार नाही म्हणून कुटुंबप्रमुख आधीच बजावून बसलेला. मामांनी वळणावर गाडी थांबवली, दार उघडलं, छाती पुढं काढून समोर हात केला आणि म्हणाले, ही बघा राणी. आजींनी हात जोडले. कुटुंबप्रमुख म्हणाला, वा, फोटोत दिसते त्यापेक्षा भरलेली आहे.

झालं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरनं तेच केलं. पुढं दरड काढली, रस्ता मोकळा झाला, पण तोवर सगळ्या ड्रायव्हरांच्या लक्षात आलं होतं की इथूनच राणी दाखवली तर वरची सगळी वळणं वाचतात, डिझेल वाचतं, आणि मुख्य म्हणजे मागच्या सीटवर ओकाऱ्या होत नाहीत. खरी राणी बिचारी वर एकटीच नटूनथटून बसलेली, आणि इकडं जाडीचा भाव वधारला. तिच्यासमोर कठडा झाला, पार्किंग झालं, संडास झाले. तिच्याकडं तोंड करून हॉटेलं उठली, सगळ्यांच्या नावात राणी. कपांवर जाडी, टोप्यांवर जाडी, फ्रिजला चिकटवायच्या चकत्यांवर जाडी. नंतर जन्मलेल्या पोरांना तर दुसरी कुठली राणी असते हेच माहीत नाही. जुनी माणसं गप्प. कुणाचं हॉटेल, कुणाचं दुकान, कुणाची जीप, बोलणार कोण?

तसे मामा काही एका राणीवर पोट भरत नव्हते. त्यांची दिवसभराची फेरी असायची. पहिलं आरसा तळं. यात डोंगराचं प्रतिबिंब पडतं ते पायडलच्या होड्या सुटेपर्यंत. त्यानंतर प्रतिबिंब पडतं ते हंसाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बोटींचं. मग धबधबा. उन्हाळा संपत आला की तो आटतो, तेव्हा वरच्या हॉटेलवाल्याला फोन करायचा, तो टाकीचा पाइप सोडतो. मग हिमनदी, जी लांबून निळी दिसते आणि जवळ गेलं की महिनाभर न धुतलेल्या चादरीसारखी. तिथं लोक भाड्याचे गमबूट घालून घसरतात आणि उठून म्हणतात, काय मजा आली. मग कुरण, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. गाई गावातल्या, घंटा हॉटेलच्या, संध्याकाळी मोजून परत घेतात.

आणि हाकेचा कडा. तिथं पूर्वी हाक मारली की डोंगर ओ द्यायचा. समोर मोठं हॉटेल बांधलं तसा डोंगर मुका झाला. मामांनी आपल्या मेव्हण्याला, म्हणजे आमच्या वडिलांना, कड्याच्या खाली सावलीत बसवलं. वरून कुणी नाव घेतलं की खालून तेच नाव लांबवून म्हणायचं, एवढंच काम. एका थंडीत वडिलांना सर्दी झाली आणि डोंगर खोकला. मामांनी शांतपणे सांगितलं, हवामान बदलतंय, डोंगरांनाही त्रास होतो. हाक मारणाऱ्या बाईंनी पर्स उघडून खोकल्याची गोळी दरीत टाकली.

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं आणि ते सगळ्या जगाला मामा बनवायचे. पण लुच्चेपणा म्हणावा तर तसंही नाही. कुणाचं पाकीट गाडीत राहिलं तर पार स्टेशनवर नेऊन द्यायचे. म्हाताऱ्या माणसाला बर्फात हाताला धरून न्यायचे. बर्फ बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर पलीकडं तोंड करून उभे राहायचे, आणि त्या माणसानं नाक पुसलं की म्हणायचे, चला, पुढं अजून चांगलं आहे.

ताई लहानपणापासून जाडीलाच राणी समजत आली. शाळेत चित्र काढलं ते जाडीचं, खाली रंगीत अक्षरात राणी. लग्न झालं आणि नवीन नवरा एक दिवस पलंगावर नकाशा पसरून बसला. तो मोजणीचं शिकलेला, ऑफिसात नवा, उत्साह भरपूर. म्हणाला, अगं, तुझी राणी ही नव्हेच. ताईला तेव्हा वाटलं, नवरा थट्टा करतोय. मग ती बापाकडं गेली आणि सरळ विचारलं. मामा तेव्हा टायर बदलत होते. वर न बघता म्हणाले, "खरी कुठली ते बघायला लोक येतच नाहीत. घरी जाऊन सांगायला येतात. सांगायला ही बरी आहे, जाड असली तरी रस्त्यावर आहे."

ताईनं ते नवऱ्याला सांगितलं नाही. बापानं आपल्यालासुद्धा गिऱ्हाइकच समजलं, हे तिच्या मनाला लागलं होतं. तरी बापच तो. गावभर ज्याला मान, ड्रायव्हरांच्या मीटिंगला ज्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवतात, तो चारचौघांत खोटा ठरू नये, एवढंच तिला हवं होतं.

मग ही थाळी आली. सगळ्या पॉइंटवर बसवायची असा वरून हुकूम, बाणांचं काम जावयाकडं. ताईनं त्याला खूप विनवलं. जाडीचा तेवढा एक बाण कोरूच नका म्हणाली. तो म्हणाला, समोरच्या सगळ्यात मोठ्या डोंगरावर बाण नाही ठेवला तर लोक मला वेड्यात काढतील. मग तिनं बापाला विनवलं, म्हणाली, सांगून टाका की तेव्हा चूक झाली, धुकं होतं. मामा म्हणाले, मी धुक्यातसुद्धा चुकत नाही. तेव्हापासून त्यांनी लेकीच्या घरी जेवायला येणं बंद केलं. रविवारी ताई डबा पाठवायची. डबा रिकामा होऊन यायचा, घासूनपुसून लख्ख. निरोप काही नाही. जावई तिकडं म्हणायचा, तुझ्या वडिलांचा अहंकार. मामा इकडं म्हणायचे, तुझ्या नवऱ्याचा नकाशा. ताईला जेवण जाईना.

तर त्या दिवशी जीप आडवी. दुपार झाली. ड्रिलवाल्यांनी डबे खाल्ले आणि पोत्यांना टेकून डुलक्या काढल्या. पर्यटक येत होते, जात होते. एकानं ताईला विचारलं की गाडीतले ते आजोबा पण बघायच्या यादीत आहेत का. एका बाईनं काचेला नाक लावून फोटो काढला. ताई पुन्हा चहा घेऊन गेली. काच खाली झाली नाही. पेपर तोंडासमोर तसाच.

"बसा रुसून," ती म्हणाली आणि कप बॉनेटवर ठेवून आली.

कुणालाच काही वाटलं नाही, कारण मामांचा रुसवा सगळ्यांना माहीत. एकदा मामीनं विणलेली टोपी शेजाऱ्याला दिली तर सगळी थंडी ते बोडक्या डोक्यानं हिंडले होते, कान लाल करून. असा माणूस बंद गाडीत अर्धा दिवस बसला तर त्यात नवल काय? चहावर साय धरली. एक कावळा येऊन कपाशी खटपट करून गेला.

शेवटी जावयाच्याच लक्षात आलं की पेपरचं पान बराच वेळ उलटलेलं नाही. तो धावला. काच फोडायला त्यानं ड्रिलवाल्याचा हातोडा घेतला. पेपर घसरून खाली आला तेव्हा दिसलं, मामा समोर बघत होते. नजर जाडीवर. ज्या जावयासाठी काचसुद्धा खाली केली नाही, त्याच्याच खांद्यावर डोकं टेकवून बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, हृदय. कधीच गेले होते म्हणे.

ताईचा हुंदका आत अडकला तो अडकलाच. आपण शेवटचं काय बोललो तर बसा रुसून, आणि ते बसले. ड्रायव्हर भेटायला आले, गालफडं धरून बसले. एकजण म्हणाला, मामा म्हणजे मामा, हँडब्रेक ओढून गेले. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. ताईला मात्र ते बरं वाटलं. सांत्वनाला आलेल्या हॉटेलवाल्यांपेक्षा बरं, कारण हॉटेलवाले रडून झाल्यावर हळूच विचारत होते, ताई, त्या थाळीचं काय ठरलं?

जीप तिथंच होती. हलवायला कुणी पुढं होईना, जावई तर त्या बाजूला बघतही नव्हता. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला, ताई भांडी लावत होती. दाराशी उभा राहिला.

"तू म्हणशील तर मी तिथं राणी लिहितो," तो म्हणाला. "नवीन थाळी करायला लावतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

ताईनं ताट पुसलं, मांडणीत लावलं, दुसरं घेतलं. इतके दिवस हेच ऐकायचं होतं तिला. बाप असता तर आनंदानं धावत गेली असती.

"आहे ते लिहा," ती म्हणाली. "आता भांडायला कोण आहे?"

आणि जीप काढायलाही तिनंच सांगितलं.

थाळी बसली. पहिल्या दिवशी ताई टपरीच्या दारात हात बांधून उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर सगळं चित्र तयार होतं. लोक वाचणार, चिडणार, इतकी वर्षं फसवलं म्हणणार, कोण तो पहिला माणूस म्हणून विचारणार, आणि कुणीतरी गावातलाच तोंड उघडून मामांचं नाव सांगणार. जावई थाळीपाशी उभा, दाढी वाढलेली, आवाज बसलेला. पहिली बस आली. लोक उतरले, हातातले फोन वर करत कठड्याकडं आले. त्यानं खाकरून सांगितलं की समोर आहे ती जाडी. राणी या काळ्या कड्यामागं आहे, इथून दिसत नाही.

वर केलेले फोन खाली आले.

मग एकजण म्हणाला, म्हणजे ती लपलेली आहे? आणि सगळा जथा डावीकडं सरकला. काळ्या कड्यासमोर ही गर्दी. बायका कड्याकडं बोट दाखवून फोटो काढून घेतायत, पोरं खांद्यावर चढलीत, एक म्हातारा दुर्बीण लावून काळा दगड बघतोय आणि बायकोला सांगतोय, काय ते रूप. जाडीकडं कुणी ढुंकून बघेना. फसवलं म्हणून कुणी विचारलं नाही, कुणी कुणाचं नाव काढलं नाही. दुसरी बस आली तोवर तर ड्रायव्हर दार उघडून ओरडतच होता, चला, लपलेली राणी, लपलेली राणी.

ताई टपरीतून बाहेर आली ती तशीच चालत कठड्यापर्यंत. नवरा तिच्याकडं बघत होता, तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. एवढ्यासाठी, तिच्या मनात आलं, एवढ्यासाठी बाप बंद काचेत बसला, एवढ्यासाठी रविवार गेले. यांना तर दगड दाखवला तरी चालत होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता इतके दिवस अडकलेलं ते सगळं वर आलं, नाकाडोळ्यांतून वाहायला लागलं, पदर पुरेना.

मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. लाल टोपी घातलेली एक बाई, हातात फोन, अगदी गोड आवाज.

"अहो ताई, जरा बाजूला होता का? फोटोत तुम्ही येताय."

ताई बाजूला झाली.