विसीने वगळलेला थांबा

स्पेनमधल्या काब्रा गावातल्या पेन्शनरांच्या मंडळाची वसंतातली सहल कुठे थांबणार, कुठे जेवणार आणि कुठे मुक्काम करणार, हे विसितासियोन आर्खोना ठरवायची. गाव तिला विसी म्हणायचं. हे काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बसभर म्हातारी माणसं रोन्दापर्यंत नेऊन दाखवावीत.

लिफ्ट नसलेलं हॉटेल विसीच्या हिशेबात हॉटेलच नव्हतं. मुक्कामाजवळ चर्च हवं, आणि चर्चला जातो सांगून निघणाऱ्या पुरुषांसाठी वाटेत कॉफीचं दुकानही हवं. जेवणानंतर कुणाला काही बघायला न्यायचं नाही. माणसं डुलक्या घेतात आणि पुढे वर्षभर म्हणत राहतात की विसीने आम्हाला काही दाखवलंच नाही. फ्वेनसांता आणि तिची नणंद कासिल्दा एकमेकींशी बोलत नसत, पण दोघींच्या घोरण्यामुळे त्यांना दुसरं कुणी खोलीत घेत नसे. म्हणून विसी त्यांना दरवर्षी एकाच खोलीत घालायची. दोघी दरवर्षी विसीशी भांडायच्या, पण झोपायच्या छान.

तारुण्यात विसी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून तिने गावाची लग्नं, मरणं आणि ऑलिव्हचे सौदे जोडून दिले. आवाज खणखणीत, काम चोख. कुणाचा फोन लागला नाही आणि विसीने तो सोडून दिला, असं कधी झालं नाही. पुढे एक्स्चेंज बंद पडलं, नवरा एलोय गेला, मुलगी बार्सेलोनाला स्थायिक झाली. विसीला उरली ती ही सहल. हिवाळ्यात घरातल्या गोल टेबलाखाली शेगडी पेटवून, पाय उबेला धरून, ती नकाशा पसरायची आणि मुक्काम ठरवत बसायची. त्या दिवसांत तिला कुणाची आठवण यायची नाही.

बाकी सगळं दरवर्षी बदलायचं, पण निघायचा दिवस, ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार, आणि एक थांबा ठरलेले होते. पहिली रात्र रोन्दाला काढायची, दुसऱ्या दिवशी ग्रासालेमाचा घाट चढून बोयारची खिंड ओलांडायची आणि पलीकडे उतरताना आंगुस्तियासच्या खानावळीत दुपारचं जेवण घ्यायचं. चणे, पालक आणि खारवलेला मासा. रक्तदाबवाल्यांसाठी बिनमिठाचं वेगळं पातेलं. बिनमिठाचं कुणाकुणाला लागतं हे आंगुस्तियासला पाठ होतं.

या थांब्याची एक रीत होती, आणि ती आंगुस्तियासनेच घालून दिली होती. एका वर्षी जेवणं चालू असताना खिंडीवरून धुकं उतरलं ते हटेना, आणि बस तिथेच अडकली. एलोयची छाती तेव्हाच कुरकुरू लागली होती. आंगुस्तियासने त्याला स्वतःच्या बिछान्यात झोपवलं आणि आपण खुर्चीवर बसली. बाकीच्यांना तिच्या नवऱ्याने, कायेतानोने, टेबलं जोडून गाद्या घालून दिल्या. सकाळी निघताना विसी म्हणाली, "पुढच्या वेळी आधी फोन करून येईन." आंगुस्तियास हसली. "घरच्या माणसांनी कशाला फोन करायचा? तू येणार नसशील तेव्हा कर. फोन आला नाही की मी समजेन, विसी येतेय. मग चणे भिजत घालीन."

तेव्हापासून विसीने कधी फोन केला नव्हता आणि आंगुस्तियासचे चणे कधी वाया गेले नव्हते.

यंदा मंडळाचं काम नव्या लोकांनी घेतलं. त्यात अमादेओ होते, निवृत्त औषधवाले. गेल्या वर्षी घाटाच्या वळणांवर त्यांनी कासिल्दाच्या नव्या कोटावर सकाळचा नाश्ता परत केला होता. ते बैठकीत म्हणाले, "खालून आता चांगला रुंद रस्ता झालाय. वाटेत मोठं हॉटेल आहे, स्वच्छ संडास आहेत. त्या डोंगरात कशाला मरायला जायचं? लुसेनाला एक एजन्सी आहे, ती हे सगळं संगणकावर करून देते."

एजन्सीचं नाव ऐकल्यावर विसी घाईघाईने म्हणाली, "एजन्सी कशाला? मीच करते खालच्या रस्त्याने." घाटातल्या जेवणासाठी ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर काम हातचं गेलं असतं. गेलं असतं की नाही कोण जाणे, पण तिला तसं वाटलं.

आंगुस्तियासला एक फोन करायचा राहिला. नुसता एक फोन! आधी वाटलं, ईस्टरच्या आधीचा पाम संडे होऊ दे. मग वाटलं, सणाच्या आठवड्यात तिच्याकडे गर्दी असेल, कशाला त्रास द्या. नंतर एकदा नंबर फिरवलाही; पहिली घंटा वाजली मात्र, तिने रिसीव्हर खाली ठेवला. "काय सांगू तिला? तुझ्यापेक्षा खालच्या हॉटेलचे संडास बरे आहेत म्हणून?" असं स्वतःशीच म्हणून ती तांदूळ निवडायला बसली. जन्मभर लोकांचे फोन जोडलेल्या बाईला हा एक फोन लागत नव्हता. निघायचा दिवस उजाडला तेव्हा तिने मनाची समजूत घातली की आंगुस्तियासला कुठूनतरी कळलं असेल. कुठून कळणार होतं? पण माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

दुसऱ्या दिवशी खालच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात सगळे ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. संडास खरोखरच स्वच्छ होते. जेवण मात्र असं, की फ्वेनसांताने काट्याने एक कटलेट उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे मेलं केव्हा होतं गं?"

"खा गुपचूप," विसी म्हणाली.

"आंगुस्तियासचे चणे कुठे आणि हे कुठे! तू तिला सांगितलंस तेव्हा काय म्हणाली बिचारी?"

"काय म्हणणार? समजून घेतलं तिने." विसीने पाव तोडला.

तेवढ्यात बसचा ड्रायव्हर लेओकादियो टेबलांमधून वाट काढत आला. फोन त्याने हातभर लांब धरला होता. "विसीबाई, घाटातली आंगुस्तियास आहे. विचारतेय, आपण कुठे पडलो. तुम्ही तिला सांगितलं नव्हतं?"

विसी फोन घेऊन बाहेर गेली.

"विसी? आधी एवढंच सांग, सगळे जिवंत आहात ना?" आंगुस्तियासचा आवाज फाटलेला होता. "इथे खिंडीत धुकं असं आहे की स्वतःचं नाक दिसत नाही. तुमची वेळ टळली तसा माझा जीव थाऱ्यावर नाही. कायेतानो गाडी घेऊन गेला. प्रत्येक वळणावर उतरून कठड्यावरून वाकून बघत होता. एका जागी खाली काहीतरी पांढरं दिसलं, तर दगडांवरून खाली उतरला हा माणूस, या वयात! कुणीतरी टाकलेला फ्रिज निघाला. गुडघा सोलून घेऊन आलाय. पण तू बोल गं पोरी, कुठे आहात?"

खरं बोलायला हीच वेळ होती. विसीचं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "बस बिघडली. म्हणून खालच्या रस्त्याने यावं लागलं."

"देवीची कृपा!" आंगुस्तियास रडायलाच लागली. "बिघडली ती खाली बिघडली! घाटात ब्रेक गेले असते तर? कायेतानो, अरे, सगळे सुखरूप आहेत!"

"आणि चणे..."

"चण्यांचं काय घेऊन बसलीस! शेजारीपाजारी खातील, कोंबड्या खातील. तू काही खाल्लंस का?"

विसी आत आली तेव्हा दारात लेओकादियो उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "माझी बस बिघडली?" तो म्हणाला. "बाई, मला चोर म्हणाला असतात तर चाललं असतं. पण माझी बस?"

विसीने फोन त्याच्या हातात दिला आणि माणसं मोजायला बसकडे गेली.

त्या रात्रीचा, कादिसचा मुक्काम समुद्राकाठी होता. लिफ्ट होती, चर्च होतं, कॉफी होती, सगळं विसीने ठरवल्याप्रमाणे. माणसं खुशीत होती. अमादेओ तर म्हणाले, इतकी बिनघोर सहल आजवर झाली नव्हती. विसी बाकावर बसून पाण्याकडे बघत राहिली. तिला समुद्र दिसत नव्हता. कठड्यावरून वाकलेला कायेतानो दिसत होता, खाली काहीतरी पांढरं बघून पाय टाकायला दगड शोधणारा. एलोयसाठी उबदार केलेला तो बिछाना आठवत होता. खोटं बोलून आपण सुटलो नाही, आपण तिचे आभार आणि अश्रूसुद्धा चोरले, हे तिला कळून चुकलं होतं.

परतीच्या सकाळी नाश्त्याला ती उभी राहिली आणि एक्स्चेंजमधल्या जुन्या आवाजात म्हणाली, "परत जाताना सेव्हियाकडून जायचं नाही. घाटातून जायचं."

गलका झाला. अमादेओ उठले. "त्या वळणांवर मी मरेन!"

"मरू नका. मी पिशवी देते."

"पण ठरलं होतं की..."

"ठरवणारी मीच होते. आता दुसरं ठरवते. आंगुस्तियासला मी कळवलं नव्हतं. तिने तुम्हा सगळ्यांसाठी रांधलं आणि वाट बघितली. आपण दरीत पडलो असं समजून तिचा म्हातारा आपल्याला शोधत हिंडला. मी तिला सांगितलं बस बिघडली. बस धडधाकट आहे. लेओकादियो, मला माफ कर."

फ्वेनसांता हळूच म्हणाली, "पण तू तर म्हणालीस, तिने समजून घेतलं."

"खोटं बोलले."

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा कासिल्दा नणंदपणा विसरून फ्वेनसांताला म्हणाली, "चल, उठ. बॅगा भर."

घाटात त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. अमादेओंनी पिशवी वापरली, पण तक्रार केली नाही. खानावळीत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या. कायेतानो दारात लंगडत कोंबड्यांना दाणे टाकत होता. बस बघून त्याने दोन्ही हात वर केले. "झाली का नीट?" त्याने ओरडून विचारलं. लेओकादियो चाकाकडे बघत राहिला.

विसी सरळ स्वयंपाकघरात गेली. आंगुस्तियास पाव कापत होती. तिने सुरी ठेवली, विसीला मिठीत घेतलं, गालांचे मुके घेतले. विसीने तिला हलकेच दूर केलं.

"बस बिघडली नव्हती," ती म्हणाली. "थांबा मी वगळला होता. मंडळाला तुझा घाट नको होता आणि माझं काम जाईल म्हणून मी गप्प बसले. तुला फोन करायची हिंमत झाली नाही. मग खोटं बोलले."

आंगुस्तियासने सुरी उचलली आणि उरलेला पाव कापून संपवला. "कायेतानोला हे सांगू नकोस," ती म्हणाली. "गुडघा दुखला की म्हणतो, निदान सगळे वाचले. तेवढं त्याच्याकडे राहू दे."

"तू रागाव तरी माझ्यावर."

"अंडी आहेत, बटाटे आहेत. चणे संपले. तुझी माणसं भुकेली असतील, त्यांना बसायला सांग."

तिने सगळ्यांना वाढलं. पोटभर, नीट, आग्रह करून. फक्त विसीच्या टेबलाशी ती नेहमीसारखी खुर्चीवर एक पाय दुमडून बसायला आली नाही. बस निघताना मात्र दारापर्यंत आली. विसी पायरीवर वळली. "पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी येणार असलीस," आंगुस्तियास म्हणाली, "तर फोन कर."

पुढच्या वर्षी मंडळाने घाट ठेवला. अमादेओ स्वतः म्हणाले, चणे असतील तर वळणं सोसू. विसीने शेगडी पेटवली, पाय उबेला धरले आणि फोन उचलला. या वेळी घंटा वाजू दिली.

"बोला," पलीकडून आवाज आला.

"मी विसी. आम्ही येतोय."

"किती माणसं?"

विसीने आकडा सांगितला. आंगुस्तियास तो लिहून घेत असावी, कागदाची सळसळ ऐकू आली. "बिनमिठाचं कुणाकुणाला?"

हे आंगुस्तियासला पाठ होतं. तरी विसीने पहिल्यापासून एकेक नाव सांगायला सुरुवात केली.