शर्यतीच्या सायकलला लाळेरं

माझी सायकल इतकी हलकी आहे की एप्रिलमध्ये लू, म्हणजे इकडचं तापलेलं वारं, सुटली की मी तिला बाल्कनीच्या गजाला बांधून ठेवतो. एकदा विसरलो, तर ती गुरुग्रामच्या आमच्या इमारतीवरून उडाली ती थेट नोएडात जाऊन उतरली, असं मी सोसायटीत सांगतो. निम्मे लोक विश्वास ठेवतात. उरलेले विचारतात, वाटेत टोल भरला का?

शर्यतीची सायकल आहे ती. हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. टायर आणि सांगाडा यांच्यात फट एवढीच, की पोस्टकार्ड सरकवायचं तर आधी त्यावरचा पत्ता खोडावा लागेल. अशा सायकलला मडगार्ड लावायला भोकंच ठेवलेली नसतात. बनवणाऱ्याचा हिशेब सरळ असावा: जो पुढे असतो त्याने चिखलाची काळजी करायची नसते, ती मागच्याने करायची.

माझ्या मागे माझी बायको असते.

तिने गेल्या वर्षी सायकल घेतली. "दर रविवारी तू नक्की जातोस कुठे, ते तरी बघू," असं म्हणून सुरू झाली आणि मग थांबलीच नाही. ती माझ्या मागच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटून चालवते, कारण पुढचा वारा कापतो आणि मागच्याला सोपं जातं. त्यात माझी पाठ म्हणजे पाठ आहे. "तुझ्या मागे वारा सोड, मोबाईलचं नेटवर्कसुद्धा येत नाही," असं ती चारचौघांत सांगते, आणि मी ते कौतुक समजून घेतो.

तिच्या मनात एकच होतं. संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायचं, आणि सायकलने जायचं. अख्खं अंतर नाही, निदान वाटेतल्या मुरथलपासून पुढे तरी. दरवर्षी आमच्या मराठी मंडळाची बस जाते, पण बायको तीत बसत नाही. तिच्या बाबांनी तिच्या लहानपणी रोज रात्री आमटीभातासोबत पानिपत वाढलेलं. "ते इतक्या वेळा ऐकलंय की त्या रस्त्याने एसी बसमध्ये भेंड्या खेळत जायची मला लाज वाटते," ती म्हणायची. जानेवारीत वारा नेमका पानिपतकडून समोर येतो. माझ्या आडोशाशिवाय तिला ते अंतर झेपलं नसतं. ते तिलाही ठाऊक होतं, मलाही.

आता दिल्लीकडचा चिखल. इथे त्यासाठी पावसाची वाट बघावी लागत नाही. थंडीत इथली हवा इतकी दाट होते की सुरीने वड्या पाडून वर पिस्ते लावावेत. मग धूळ बसावी म्हणून टँकर पहाटे रस्त्यांवर पाणी मारत फिरतात. धूळ बसते खरी, पण माझं चाक तिला पुन्हा उठवतं, या वेळी ओली.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी चहाच्या टपरीपाशी थांबलो आणि मागे वळलो. मागे एक चिखलाचा पुतळा सायकलवरून उतरत होता. दातांवरून ओळख पटली.

"काय गं, पडलीस?"

"नाही. तुझ्या मागे होते."

आमच्याबरोबर शेजारचे निवृत्त फौजी असतात, हरयाणवी, आवाज तोफेचा. ते म्हणाले, "भाई साहब, मुलतानी मिट्टी मुफ़्त में बाँट रहे हो! भाभीजी का निखार तो देखो!"

भाभीजींनी चष्मा पुसायचा प्रयत्न केला. चिखल फक्त एका काचेवरून दुसऱ्या काचेवर गेला.

"मला खड्डा दिसला नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "थोडक्यात वाचले. मडगार्ड लाव. नाहीतर मी मंडळाच्या बसने जाते, आणि तू ये एकटा वारा कापत."

"शर्यतीच्या सायकलला मडगार्ड? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी बसमध्ये भेंड्या खेळत असेन."

भेंड्या खेळायची तिची तयारी झाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी त्याच दुपारी मडगार्ड मागवलं. भोकं नको, स्क्रू नको, नुसते रबरी पट्टे ताणून अडकवायचं असलं. सोबतच्या कागदावर एक गोरा माणूस तीन चित्रांत ते बसवतो आणि तिसऱ्या चित्रात हसतो. पार्सल आल्यावरच्या रविवारी मला पोह्यांपासून संध्याकाळच्या भज्यांपर्यंत वेळ लागला आणि हसलं दुसरंच कोणी. पुढचं मडगार्ड चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन पायांना बांधायचं, मागचं सीटखालच्या दोन नळ्यांना. रबरी पट्टा ताणून धरला की तो निसटून कानफटात मारतो. एका पट्ट्याने मला मारलं, भिंतीवर आपटला, परत येऊन पुन्हा मारलं.

शेवटी दोन्ही अशी सुरेख बसली की मी बायकोला हाक मारून दाखवली. मग टायरमध्ये हवा भरली. हवा आधी भरायची असते, हे त्या गोऱ्याने सांगितलं नव्हतं. टायर फुगला, मडगार्डला भिडला, आणि चाक फिरवताच असा घर्रर्र आवाज झाला की खालच्या गेटवरून इंटरकॉम वाजला.

"सर, आपके यहाँ ड्रिल चल रही है? संडे को अलाउड नहीं है."

सगळं सोडून पुन्हा बांधलं.

पुढच्या रविवारी परीक्षा. टँकर नुकताच गेलेला, रस्ता काळा चकचकीत. मी मुद्दाम प्रत्येक डबक्यातून सायकल घातली. टपरीपाशी उतरलो आणि फौजींकडे पाठ केली. "देखिए!" पाठ म्हणजे धोब्याकडून आत्ताच आलेली. मी विजयी मुद्रेने बायकोकडे वळलो.

तिच्या नाकावर, चष्म्यावर, हनुवटीवर ताजे शिंतोडे होते.

"अभिनंदन," ती म्हणाली. "तू कोरडा आहेस."

फौजींनी चेष्टा न करता तिच्यापुढे रुमाल धरला. त्यांच्या इतिहासात हे प्रथमच झालं असावं.

घरी परतताना ती माझ्या मागे नव्हती. शेजारून चालवत होती, समोरचं वारं खात, धापा टाकत. मंडळाच्या बसमध्ये जागा अजून मिळेल का, हे तिने दोनदा विचारलं. भांडण असतं तर मी जिंकलो असतो. हे भांडण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फौजींना उठवलं. "तुम्ही माझ्या सायकलवर पुढे चला. मी मागून येतो."

"पागल हो गए हो?"

"जी."

मी तिच्या सायकलवर, तिच्या जागी, माझ्याच चाकामागे हातभर अंतरावर लागलो. पहिल्याच डबक्याला उत्तर मिळालं, तेही सरळ तोंडात. चव सांगू? डांबर, धणे, आणि मागून येणारी हलकीशी कडवट खडी. पण कळलं. मडगार्ड चाकाच्या वरच्या अंगाला संपत होतं, तेवढ्याने माझी पाठ वाचत होती. मागच्याच्या तोंडावर येणारं पाणी उडतं ते टायर जमिनीला टेकतो तिथून. माझं मडगार्ड निव्वळ माझं होतं. तिच्यासाठी ते आणखी वीतभर खाली, जवळजवळ रस्त्यापर्यंत यायला हवं होतं.

म्हणजे शेपूट हवं. लवचीक, न मोडणारं, जरा बाक असलेलं. मी घरभर फिरलो आणि स्वयंपाकघरातल्या फळीसमोर थांबलो. तिथे आम्रखंडाचे जुने डबे होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात हा डबा फेकत नाहीत. तो पुण्याहून पाहुण्यांच्या बॅगेतून येतो आणि मग कुटुंबाचा सभासद होतो. आमच्या मोठ्या डब्यात मेतकूट होतं. मी बायकोला हाक मारली आणि नुसतं बोट दाखवलं.

तिने डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या दातांकडे, कारण त्यात अजून खडी होती.

"तू माझ्या जागी चालवून आलास?"

"हो."

तिने स्वतःच्या हाताने मेतकूट स्टीलच्या डब्यात ओतलं. "नीट काप. वेडंवाकडं कापलंस तर दुसरा मिळणार नाही."

डब्याची गोलाई चाकाच्या गोलाईला अशी बसली, जणू आम्रखंडवाल्याने सायकल बघूनच माप घेतलं होतं. मडगार्डच्या टोकाला दोन भोकं पाडली आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी शेपूट आवळलं. पांढऱ्या प्लास्टिकवर केशरी अक्षरांत "आम्र" एवढंच उरलं. माझी रुबाबदार सायकल आता बोहल्यावरच्या नवरदेवाला लाळेरं बांधल्यासारखी दिसत होती. फौजींनी मात्र तिला कडक सॅल्यूट ठोकला.

संक्रांतीला पहाटे गाडीत सायकली घालून मुरथलला गेलो, पराठ्यांवर लोण्याचे गोळे वितळेपर्यंत थांबलो आणि धुक्यात निघालो. ढाब्यांसमोर ट्रक धूत होते, रस्ता मैलभर ओला. वारा समोरून असा, की माझ्या मिशा कानामागे गेल्या. मागे वळून बघणं शक्य नव्हतं. कान मागे लावून चालवत होतो.

"काय गं?"

"काही नाही!"

"चिखल?"

"नाही! गप्पा नको, चालव!"

काही वेळ तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला. जेव्हा तो येईना तेव्हा मी वेग कमी केला, आला की वाढवला. पानिपतपर्यंत मी तेवढाच एक आवाज ऐकला.

काला अंबच्या स्तंभापाशी ती उतरली आणि तिने चष्मा काढला. काचा स्वच्छ होत्या. तिने बाबांना फोन लावला. "बाबा, आले. हो, सायकलने." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "वारा? होता ना, समोरून होता," ती म्हणाली. "पण पुढे हा होता." मग ती जरा वेळ स्तंभाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी गेलो नाही.

परतताना वारा पाठीशी होता. ती म्हणाली, "आता मी पुढे."

मी तिच्या चाकामागे हातभर अंतरावर लागलो. पहिलाच ओला पट्टा आला आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, की एवढ्या सगळ्या धामधुमीत तिच्या सायकलला मडगार्ड लावायचं राहूनच गेलं होतं.

"तोंड मिटून ठेव!" ती पुढून ओरडली. तिच्या पाठीवर चिखलाचा पट्टा चढत होता आणि हसण्याने खांदे हलत होते.

अंतर वाढवायला जागा होती. मी वाढवलं नाही. आणि मुरथल येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मला ओळखणारे लोक या अख्ख्या हकिकतीतल्या फक्त याच एका वाक्यावर विश्वास ठेवत नाहीत.