झिंजमधला आभारांचा सण

विमान खाली उतरू लागलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. आमच्या वसईचा समुद्र मातकट. हा मात्र आधी पोपटी, मग निळा, मग पुन्हा पोपटी, आणि इतका उथळ की तळाची वाळू आकाशातून दिसावी. त्या पाण्यात कडेकडेने भराव टाकून वाढवलेली जमीन आणि तिच्यावर काचेच्या इमारती. बहारीन या नावाचा अर्थ 'दोन समुद्र', असं शेजारी बसलेल्या एका नर्सबाईंनी सांगितलं. दुसरा समुद्र कोणता, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिकीट माझ्या धाकट्या बहिणीने, विल्माने, पाठवलं होतं. फोनवर म्हणाली, "दादा, नोव्हेंबरच्या शेवटी ये. आमच्याकडे थँक्सगिव्हिंग असतं, मुलं खूप काय काय करतात. आयलाही बरं वाटेल." आय म्हणजे आमची आई. बाबा वारल्यावर सहा वर्षांपूर्वी ती विल्माकडे गेली. विल्मा इस्पितळाच्या ऑफिसात, तिचा नवरा नेल्सन हॉटेलात, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या, आणि मुलं लहान. आईला बोलावून घेण्याचं कारण तेव्हा तेच होतं आणि ते कुणी लपवलंही नव्हतं. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. बहिणीने हौसेने बोलावलं, असं समजून मी बॅग भरली. बॅगेत बाटली मसाला (वर्षभरासाठी बाटलीत भरून ठेवायचा आमचा मसाला), सुके बोंबील, आणि आगेराच्या दिवशी (नव्या भाताला चर्चमध्ये आशीर्वाद देण्याचा आमचा सण) घरी आणलेल्या भाताच्या लोंब्यांची एक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. कस्टममध्ये ती जुडी उघडून पाहिली. अधिकाऱ्याने एक दाणा सोलून चावला, हसला आणि जा म्हणाला.

विल्माचं घर झिंज भागात, तिसऱ्या मजल्यावर. खाली लाँड्री, न्हाव्याचं दुकान आणि एक कोल्ड स्टोअर (इथे किराणा दुकानाला असंच म्हणतात). घरात तीन लहान खोल्या. एक नवरा-बायकोची, एक तेरा वर्षांच्या एथनची, आणि तिसरीत आय आणि दहा वर्षांची लिआ. माझी गादी एथनच्या खोलीत घातली होती. आय दारातच उभी होती. वाळली होती, पण ताठ होती. माझ्या हातातली जुडी घेऊन तिने वास घेतला आणि म्हणाली, "कोलमचा नाही हा. काय पेरलंत यंदा?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आयबरोबर खाली गेलो. मुलांची शाळा ईसा टाउनला, बस लवकर येते. चार डबे, दोन पाण्याच्या बाटल्या, लिआची वेणी, एथनचा हरवलेला मोजा, हे सगळं आयने एकटीने निस्तरलं होतं. विल्मा रात्रपाळी करून झोपलेली. बस वळणावर दिसताच आय ओरडली, "यल्ला, यल्ला!" (चला, लवकर). मला हसू आलं. आमच्या आईच्या तोंडी अरबी! मग ती मला कोल्ड स्टोअरमध्ये घेऊन गेली. दुकानदार केरळचा. ती त्याच्याशी हिंदीत बोलत होती, तो तिला 'अम्मा' म्हणत होता. तिने कोथिंबीर परत केली, कालचं दही बरं होतं असं सांगितलं, त्याच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली. इमारतीच्या बांगलादेशी वॉचमनसाठी तिने फडक्यात भाकरी बांधून आणली होती. मी तिच्या मागे मागे चालत होतो. गावात ती बाबांच्या सावलीत चालायची. इथे या गल्लीत तिची स्वतःची ओळख होती.

दुपारी मुलं आली आणि सणाची तयारी सुरू झाली. अमेरिकन लोक पिकाबद्दल देवाचे आभार मानायला हा दिवस पाळतात. नेल्सनच्या हॉटेलात त्यांच्यासाठी मोठी पंगत होते, ती पाहून मुलांनी घरीही हट्ट धरला आणि चार वर्षांपासून झिंजमध्येही थँक्सगिव्हिंग आलं. ज्यांच्या घरात लहान मुलं असतील त्यांनी जरूर करून पाहावं, इतक्या साध्या गोष्टी असतात. जाड कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवायचा. अंगठा म्हणजे टर्की पक्ष्याचं डोकं, बाकीची बोटं म्हणजे पिसारा. एका वाळलेल्या फांदीला वाळूच्या डब्यात उभं करायचं. रंगीत कागदाची पानं कापायची, प्रत्येकाने पानावर आपण कशाबद्दल आभारी आहोत ते लिहायचं आणि जेवणाआधी वाचून फांदीला लटकवायचं. लिआ त्या झाडाची मालकीण होती. आपलं पान ती हाताने झाकून लिहीत होती. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही सगळं समजायचं. आयने तिच्यासाठी पानांची थप्पी कापून दिली. कात्री तिच्या हातात अजून सरळ चालते.

गुरुवारी नेल्सनला सवड मिळाली. दुकानातून गोठवलेली टर्की आणायला तो मला गाडीने घेऊन निघाला. वाटेत टायर बसलं. तुबलीला त्याच्या ओळखीचं गॅरेज होतं, तिथपर्यंत आम्ही कशीबशी गाडी नेली. गॅरेजवाले सावंत गुहागरकडचे. मला पाहून त्यांनी आधी गाव विचारलं, मग चहा मागवला, मग टायर. "पंधरा मिनिटं, खलास," म्हणाले. समोर रस्त्यापलीकडे तुबलीची खाडी होती. ओहोटी लागली होती, चिखलाचा वास येत होता, आणि दूर गुलाबी ठिपके दिसत होते. नेल्सन म्हणाला, "फ्लेमिंगो आहेत, दादा. थंडीत येतात." आम्ही कडेला जाऊन उभे राहिलो.

तिथे त्याने मला सांगितलं. आयचा व्हिसा डिसेंबरात संपतोय. तो पुन्हा काढायचा नाही, असं दोघांनी ठरवलं आहे. मुलं मोठी झाली, लिआला अभ्यासाला जागा हवी, आयचं वय झालं, उद्या आजारपण आलं तर इथे सगळंच अवघड. रविवारच्या माझ्या विमानात तिचंही तिकीट काढलेलं आहे.

"तिला माहीत आहे?" मी विचारलं.

"विल्मा सांगणार आहे. जेवण होऊ दे म्हणते. मुलांचा मूड नको जायला."

मला राग आला. मला हौसेने नव्हे, सोबत म्हणून बोलावलं होतं. पण खरं लिहायचं तर रागाच्याही आधी माझ्या मनात आलं ते असं की खाट कुठे टाकायची? आयच्या जुन्या खोलीत आम्ही गेल्या वर्षी सुनेचं शिवणाचं मशीन मांडलं होतं. मी नेल्सनला एवढंच म्हणालो की उद्यापर्यंत सांगून टाका, माझ्याच्याने तिच्यापुढे गप्प बसवणार नाही. त्याने मान डोलावली. सावंतांनी टायर झालं म्हणून हाक मारली.

टर्कीने पुढचा सगळा वेळ खाल्ला. ती दगडासारखी गोठलेली होती, न्हाणीघरात बादलीत बुडवून ठेवली तरी आतून वितळेना. घरचा ओव्हन तिला पुरेना. शेवटी नेल्सनने तंगड्या वेगळ्या केल्या. विल्माने बजावलं होतं की मसाला लावायचा नाही, पाहुण्यांच्या मुलांना नुसतं मीठ-मिरी लागतं. ती अंघोळीला गेली तशी आयने बाटली मसाला चिंचेच्या कोळात कालवून कातडीखाली चोळला आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. विल्माला मी दोनदा खुणेने विचारलं. दोन्ही वेळा तिने हातानेच 'नंतर' केलं.

शुक्रवारी सुट्टी. इथे रविवारची मिस्साही लोक शुक्रवारीच ऐकतात. चर्चहून आल्यावर दोन शेजारी कुटुंबं जेवायला आली, एक मुंबईचं, एक गोव्याचं. टेबलावर टर्की, कुस्करलेला बटाटा, आयचे फुगे (आमच्याकडचे तळलेले गोल पाव), आणि मधोमध माझी लोंब्यांची जुडी, मुलांनी लाल रिबीन बांधून ठेवलेली. नेल्सनने प्रार्थना म्हटली. मग पानं वाचायला सुरुवात झाली. एथन फुटबॉलच्या टीमबद्दल आभारी होता. गोव्याच्या मुलाने आपल्या मांजरीचं नाव लिहिलं होतं. नेल्सनने नोकरी, तब्येत आणि मोठ्यांचे आशीर्वाद म्हटलं. विल्माने कुटुंब म्हटलं.

लिआ खुर्चीवर उभी राहिली आणि तिने स्वच्छ इंग्रजीत वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयनेही वाजवल्या. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "काय लिहिलंय रे? माझं नाव घेतलं का तिने?"

विल्मा समोर बसली होती. तिने मान हलवली, नको अशी.

मी आयला सांगितलं, "जानेवारीपासून तिला स्वतःची खोली मिळणार आहे, म्हणून देवाचे आभार मानलेत."

आयचा चेहरा खुलला. "मोठं घर घेताय का गं विल्मा? मला बोलली नाहीस."

कुणी काही म्हणायच्या आत लिआनेच उत्तर दिलं. तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं, आजीला एक सोपी गोष्ट समजावून द्यावी तसं तिने सांगितलं. "नो आजी. यू आर गोइंग होम विथ मामा."

एवढं इंग्रजी आयला येत होतं.

"आय, मी आज सांगणारच होते," विल्मा म्हणाली.

"केव्हा जायचंय?"

"रविवारी. दादाबरोबर."

आयने मान डोलावली. पाहुण्यांकडे बघून म्हणाली की घ्या, वाढून घ्या, गार होतंय. मुंबईच्या बाई खाली मान घालून आपल्या मुलाच्या ताटात बटाटा वाढू लागल्या. लिआला आपल्या हातून काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं हे कळलं होतं. ते सावरायला म्हणून ती पान आणि पेन घेऊन आयपाशी आली. आजीचं पान राहिलं होतं. दर वर्षी आय मराठीत सांगायची आणि लिआ इंग्रजीत लिहायची.

आयने पानासाठी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "लिही. या घरात मला कुणी उपाशी ठेवलं नाही."

लिआने थोडा विचार केला आणि लिहिलं की आजी जेवणाबद्दल आभारी आहे. ते पान तिने सगळ्यात वरच्या फांदीला लावलं.

टर्की फार चविष्ट झाली होती. गोव्याच्या गृहस्थांनी विल्माला विचारलं की काय घातलंस. ती म्हणाली, नुसतं मीठ-मिरी.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात ती माझ्यावर उसळली. "तुला दुसरं काही सांगता आलं नसतं?"

"तू आधी सांगायला हवं होतंस."

"सहा वर्षं ती माझ्याकडे होती, दादा. तू एकदा तरी म्हणालास, तिला आणून सोड म्हणून? एकदा तरी?"

मी म्हणालो नव्हतो. ती भांडी घासत राहिली, मी पुसत राहिलो.

शनिवारी आयने सामान बांधलं. फार नव्हतंच. विल्माने तिच्यासाठी नवी मोठी बॅग आणून ठेवली होती, ती अर्धी रिकामीच राहिली. संध्याकाळी आय कोल्ड स्टोअरमध्ये निरोप घ्यायला गेली, मी बाहेर थांबलो. दुकानदाराने विचारलं असावं की परत कधी, कारण तिने वर बघून "इन्शाल्ला" म्हटलेलं मला ऐकू आलं. रविवारी मुलं शाळेला गेली. लिआने तिला घट्ट मिठी मारली आणि बसमध्ये चढल्यावर खिडकीतून हात हलवला, रोजच्यासारखा. विमानतळावर विल्मा खूप रडली. आयने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लिआचे केस मंगळवारी धुवायचे असतात, ते विसरू नको म्हणाली.

परतीच्या वाटेवर खिडकीची जागा मी आयला दिली. तिने एकदाही खाली पाहिलं नाही.

मी या सणाला नावं ठेवत नाही. आपण आगेराला जे करतो तेच ते, फक्त भाताऐवजी कागदाची पानं. तुम्हाला नातवंडं असतील तर कात्री आणि रंगीत कागद घेऊन बसा, मुलं आनंदाने बसतात. पण मुलांच्या हातात पान देण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकमेकांशी बोलून घ्यावं. मुलं खरं तेच लिहितात. आणि घरातल्या एका माणसाला बाहेर काढायचं ठरलेलं असताना त्याच टेबलावर आभार मानायचे, हे मला तरी जमायचं नाही, असं मी विमानात मनाशी म्हणत होतो. मग मला आठवलं की मीही त्या टेबलावर बसलो होतो. मीही जेवलो होतो.

मुंबईला उतरल्यावर टॅक्सी केली. वसईचा फाटा आला. बाहेर नवे टॉवर, होर्डिंग, धूळ. तिने ते सगळं ओळखीचं काही सापडतंय का अशा नजरेने पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्याकडे किती दिवस?"

"असं काय विचारतेस आय. तुझंच घर आहे."

"विचारून ठेवलेलं बरं," ती म्हणाली. "तिकडे जाताना मी विचारलं नव्हतं."

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं आणि डावीकडे वळायचं का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. किती दिवस, याचं उत्तर मात्र मी आयला अजून दिलेलं नाही.