मोजू की ऐकू?

पुरात मांजर्लीतल्या ताईचा फोन बंद पडतो. म्हणून आम्ही दोघांनी फोनशिवाय चालणाऱ्या हॅम रेडिओसाठी मोर्स शिकायला घेतलं. मी टिंब-रेघांचा तक्ता पाठ केला. ती नुसते अक्षरांचे आवाज ऐकत राहिली.

आज अंबरनाथला माझ्या घरी समोरासमोर बसून पहिली चाचणी घेतली. तिने बझरवर काहीतरी पाठवलं. मी टिंबं मोजेपर्यंत तिचं संपलं.

"ताई, हळू."

हळू वाजवल्यावर तर अक्षरंच तुटली.

"मोजतोस कशाला? पाण्यात उभी राहून तुझ्या मोजणीची वाट बघू का मी?"

मग तिने एकच अक्षर झटकन वाजवलं. मी न मोजताच 'के' म्हणालो. बरोबर निघालं. कसं कळलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मोठेपणी मोर्स शिकलेलं कुणी आहे इथे? पाठ झालेला तक्ता विसरायचा कसा?