निशाण धरणारे मामा

आमच्या मामेसासऱ्यांइतका स्वतःच्या नजरेवर विश्वास असलेला माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा झाला नाही, आणि तो विश्वासच त्यांना नडला. निमगाव साव्यातल्या आपल्या बांधावर उभं राहून खोडदच्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीच्या डिश आज कुणीकडं तोंड करून आहेत, हे ते रोज सकाळी जाहीर करत. ऐकायला कुणी नसलं तर म्हशीला सांगत. चष्मेवाल्यांची त्यांना मनापासून कीव येई. माझ्या लग्नात त्यांनी माझा चष्मा काढून स्वतःच्या उपरण्यानं पुसला आणि हळूच विचारलं, "पावणं, पोरगी नीट दिसली ना?"

बैलांच्या डोळ्यांची मात्र भारी काळजी. जरा पाणी आलं की जनावरांचा डॉक्टर हजर. मामी म्हणायच्या, "बैलासंगं सोताचे बी दाखवा की. तुमच्या वडलांचे डोळे गेले व्हते, इसरलात?" मामांचं उत्तर ठरलेलं. "त्ये म्हातारे झाले व्हते. मला हितनं खोडद दिसतंय, आजून काय दिसायचं राह्यलंय?" मग हे खोडद बघणारे मामा दारातल्या वासराला अडखळून पडले, की शिव्या वासराला. बाजूनं कुणी रामराम घातला आणि यांनी मान वळवली नाही, की गाव म्हणे, मामांना माज आला.

बैलगाडा शर्यतीत शेवटच्या रेषेवरचं निशाण त्यांच्याच हाती असे. बैलांनी रेषा ओलांडली की मामांनी निशाण पाडायचं आणि घड्याळवाल्यानं घड्याळ थांबवायचं. त्या निशाणावर कधी कुणी हुज्जत घातली नव्हती. गेल्या जत्रेत मात्र बैल रेषा ओलांडून गेले तरी निशाण वरच. पहिला नंबर हुकलेला गाडामालक ओरडला, "मामा, इकलं गेलात व्हय!" आणि शर्यतीचा सगळा घाट त्याच्या सुरात सूर मिसळून ओरडू लागला. एवढ्या गर्दीत एकालाही वाटलं नाही, की या माणसाला कदाचित दिसलंच नसेल. आपल्याकडे लबाडी पटकन सुचते, आजार सुचत नाही.

मामांनी अन्न सोडलं. शेवटी मामींनी हट्टानं त्यांना नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर होतो. काचबिंदू निघाला. समोरचं दिसत राहतं, कडेचं गुपचूप जातं, दुखत नाही म्हणून कळत नाही, डॉक्टर सांगत होते. वडिलांना होता, तर दरवर्षी तपासायला हवं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून राखायची. मामी पदर तोंडाला लावून बसल्या, आणि मामा चक्क हसले. "म्हंजी बैल बाजूनं आले, त्ये मला दिसलेच न्हाईत! बरं झालं पावणं, आंधळा निघालो. लबाड न्हाई निघालो."

येताना त्यांनी पेढे घेतले आणि गावात वाटले. लोकांनी ते खाल्लेही. गाडामालक पाया पडून गेला.

आता जत्रेत मामा दिसले की चार जण धावतात, हात धरून त्यांना पुढच्या खुर्चीत बसवतात. मामा भरून पावतात. मला मात्र त्या हातांचा राग येतो. त्यातल्या एका हातानं त्यांना वेळेवर दवाखान्यापर्यंत नेलं असतं, तर मामा आज त्या खुर्चीत बसले नसते.